थोरल्या आईची पाळी कुणाची? (तासगावकडचा अनुभव, सल्ला हवा आहे)

दुसरी_मोट | ८ डिसेंबर २०२४

इथं बरीच वर्षं नुसती वाचक आहे. पहिलाच धागा असा घरचा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं. लांबेल, आधीच माफी मागते.

आमचं गाव तासगाव तालुक्यात, सावळजच्या बाजूला. नाव देत नाही, लगेच ओळखतील लोक. घरची द्राक्षबाग. वडील (दादा), धाकटे चुलते (आबा), आणि सगळ्यात थोरल्या चुलत्यांची बायको म्हणजे आमची थोरली आई. थोरले चुलते १९८९ मध्ये गेले. मूलबाळ नाही. आम्हा चारही पोरांना न्हाऊमाखू तिनंच घातलं.

२०१२-१३ चा दुष्काळ आठवत असेल. लोक टँकरनं पाणी विकत आणून वेली जगवत होते. आमची विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मार्चमध्ये एका रात्री कुणीतरी दुसऱ्याच्या पाळीत मोटर चालू केली. कुणी केली हे आजही दोन घरांत दोन वेगवेगळं सांगितलं जातं. मारामारी झाली, पोलिसात गेलं, आणि महिन्याभरात सोप्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. तेव्हापासून अबोला. २०२१ मध्ये दादा कोरोनात गेले, तेव्हा आबा रस्त्याच्या पलीकडं छत्री घेऊन उभे होते. आत आले नाहीत. आम्हीही बोलावलं नाही.

थोरल्या आईची वाटणी मात्र कुणाला करता आली नाही, म्हणून तिचं वर्षच वाटून घेतलं. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत आमच्याकडं जेवायची, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आबांकडं. झोपायला परड्याकडची तिची खोली. तिला दोन दारं आहेत, एक इकडं उघडतं, एक तिकडं.

यंदा १२ ऑक्टोबरला दसरा होता. सोनं वाटून झालं. आमच्या आईला वाटलं, आजपासून ती तिकडं जेवणार. काकूला वाटलं, उद्या सकाळपासून येणार. रात्री ती कुठंच जेवायला गेली नाही आणि कुणी विचारलं नाही. सकाळी सहाला आबांची सून शेण काढायला गेली तेव्हा ती गोठ्यात पडलेली होती. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं. कधी पडली कुणाला सांगता येईना. मिरजेला नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शेवटचं नीट कधी बघितलंत? गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणे. आबा आणि माझा भाऊ, साडेअकरा वर्षांनी शेजारी शेजारी उभे होते, आणि दोघांकडंही उत्तर नव्हतं.

बारा दिवसांनी घरी आणलं. आता पाळ्या लावल्यात. आबांनी जुन्या वहीत रेघा मारल्या, अगदी विहिरीच्या पाळ्या मारायचे तशाच. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, त्यामुळं एका घराला झेपणारं कामच नाही. मी पुण्याहून एक आठवड्याआड घरून काम घेऊन येते.

प्रश्न तीन आहेत.

एक, ती सतत रडते. आबा आले की रडते, माझा भाऊ आला की रडते. प्रत्येकजण आपापला अर्थ काढतो. परवा त्यावरून आवाज चढले.

दोन, तिच्या तोंडातून एकच शब्द येतो, "नगं". पाणी दिलं तरी नगं. पण पिते. आबांना वाटतं तिला आपल्या हातचं नको आहे.

तीन, घरातल्या एका व्यक्तीचं म्हणणं आहे की एका कागदावर तिचा अंगठा घेऊन ठेवावा, पुढं भानगड नको. हे बरोबर आहे का?

---

नांद्रे_स्टेशन | ८ डिसेंबर

वाचून गलबललो. दसऱ्याची अदलाबदल अशी अंगावर येईल हे कुणाच्या ध्यानीमनी असणार? आमच्याकडंही आजी भावाभावांत सहा-सहा महिने असायची, फक्त तिच्याकडं ट्रंक होती. ट्रंक हलली की कळायचं.

अवांतर: मिरजेत उपचार चांगले मिळतात. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून ते दवाखान्यांचंच गाव आहे. कर्नाटकातून गाड्या भरून पेशंट येतात. माझे वडील तिथल्याच एका दवाखान्यात दोन महिने होते. बाहेरच्या कट्ट्यावर मी जितके नातेवाईक भांडताना बघितले तितके आमच्या गावच्या चावडीवर नाही.

---

फिजिओ_मिरज | ९ डिसेंबर

ताई, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मेंदूत आहेत, नात्यात नाहीत. तुमच्या पेशंटला मी पाहिलेलं नाही, त्यामुळं डॉक्टरांना विचाराच, पण हे रोज बघते म्हणून लिहिते.

उजवी बाजू गेली म्हणजे इजा डाव्या मेंदूला. बहुतेकांची भाषेची जागा तिथंच असते. याला वाचाघात म्हणतात. काही पेशंटच्या तोंडात एकच शब्द अडकून बसतो. मनात "हो" असतं आणि बाहेर "नगं" पडतं. माझ्या एका आजोबांच्या तोंडात "मंगळवार" अडकला होता. बायकोला हाक मारायचे तीही मंगळवार. त्यामुळं शब्द ऐकू नका, डावा हात आणि डोळे बघा. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाही असा. मोठ्यानं ओरडू नका, त्या बहिऱ्या झालेल्या नाहीत. ताट, तांब्या, गोधडी यांची चित्रं पुठ्ठ्यावर काढून द्या, बोट ठेवतील.

रडण्याचंही तसंच. अशा झटक्यानंतर काहींचा रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटतो. आतून दुःख असतंच असं नाही. चेहरा ओळखीचा दिसला, दार वाजलं, कुणी शिंकलं तरी बांध फुटतो. अशा वेळी "का रडतेस गं" म्हणून गळ्यात पडलात तर अजून वाढतं. विषय बदला, हातात काहीतरी द्या. फार होत असेल तर त्यावर औषधं आहेत, मेंदूच्या डॉक्टरांना सांगा. पण खरं नैराश्यही येतं अशा आजारात, म्हणून नुसतं "मेंदूचं आहे" म्हणून सोडूनही देऊ नका.

आता जे कुणी विचारलं नाही ते. लुळ्या हाताला धरून उठवू नका. खांदा निखळतो आणि मग तेच दुखणं सगळ्यात जास्त छळतं. काखेतून आणि कमरेतून आधार द्या. भरवताना पाठ उभी हवी, आणि नंतरही अर्धा तास आडवं करू नका. पातळ पाण्यानं ठसका लागत असेल तर दाट करून द्या, ठसक्यातून अन्न छातीत गेलं की न्यूमोनिया होतो. माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर तो जखमेचा पहिला दिवस समजा.

---

खडूस_आजोबा | ९ डिसेंबर

सगळे एकत्र आले, डोळे पाणावले, छान. मला एकच सांगा, पहाटे तीनला दुपटं कोण बदलतं? आबा बदलतात? तुमचा भाऊ बदलतो? वहीत रेघा मारणारे हात आणि मूत धुणारे हात एकच आहेत का? माझ्या बायकोनं माझ्या आईचं पाच वर्षं केलं. भाऊ पाहुण्यासारखे यायचे आणि खिडकीशी बसून देशाच्या राजकारणावर बोलायचे.

---

दुसरी_मोट | १० डिसेंबर

फिजिओताई, तुमचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावला. दोन्ही बाजूंना.

आजोबा, तुमचं बोलणं झोंबलं, कारण खरं आहे. वहीत आबांचं नाव आहे, भावाचं आहे, माझं आहे. रात्रीच्या पाळीत मात्र आबांची धाकटी सून उठते. तिचं वहीत नावच नव्हतं, कारण ती "घरातच असते". ती लग्न होऊन आली २०१६ मध्ये. भांडण तिनं बघितलेलंसुद्धा नाही. काल रात्री मी तिला म्हटलं, तू झोप, मी करते. तर म्हणाली, "ताई, तुम्ही उठेपर्यंत माझं होऊन जातं." आज तिचं नाव वहीत घातलं आणि दोन रात्री कोरून माझ्या भावाच्या नावावर टाकल्या. त्यानं तोंड वाकडं केलं. पण पहिल्या रात्री केलं त्यानं सगळं. उलट्या हातानं, नाकाला रुमाल बांधून, पण केलं.

ऑक्टोबर छाटणीनंतर आबांना बागेत डावणी रोगाच्या फवारण्या होत्या, तेव्हा ते खरंच सुटू शकत नव्हते. आता मणी धरलेत, थोडी उसंत आहे. त्यामुळं आता सबब चालणार नाही, हेही त्यांना सांगितलं. म्हणजे मी नाही, आमच्या आईनं सांगितलं, भिंतीपलीकडून, कुणाचंच नाव न घेता. साडेअकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

---

कोरेगावकर | ११ डिसेंबर

आमच्याकडचं वेगळं सांगतो, कुणाला आवडणार नाही. कोरेगावजवळ आमचं गाव. वडिलांना घशाचा कॅन्सर. चार भाऊ, दोन तट. आजारपणात सगळे साताऱ्याला एकत्र, कुणी डबा, कुणी रक्त, कुणी रात्रीचं बसणं. नर्स म्हणायच्या असं घर बघितलं नाही. आम्हालाही तसंच वाटायला लागलं. वडील गेले. तेराव्याचं जेवण उरकलं आणि त्याच मांडवात दवाखान्याच्या हिशेबावरून पुन्हा जुंपली. आता पूर्वीपेक्षा वाईट आहे, कारण पूर्वी फक्त जमीन होती, आता "मी किती केलं" हेही आलं.

म्हणून फुकटचा सल्ला: खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. कुणी किती दिले, कशाला दिले, पावतीसकट. प्रेमाच्या माणसांत हिशेब कसला असं कुणी म्हणालं तर त्याचीच सही आधी घ्या.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं बघितलंत का? ५ लाखांपर्यंत आहे. पण ती दवाखान्यातल्या उपचाराला. घरचा हवेचा गादीपलंग, डायपर, बाई, हे सगळं खिशातूनच.

---

वकीलबाई_विटा | ११ डिसेंबर

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहिते.

अंगठा घेऊ नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही. बोलता येत नाही म्हणजे माणूस वेडा होत नाही, मृत्युपत्र करायचा त्यांचा अधिकार शाबूत आहे. पण आपण काय करतोय हे त्यांना समजतंय, हे उद्या सिद्ध करावं लागेल. दोन साक्षीदार लागतात. डॉक्टरांनी तपासून तसं लिहून दिलेलं असावं. नोंदणीची सक्ती नाही, पण तुमच्यासारख्या घरात ती करावीच. हक्कसोड किंवा बक्षीसपत्र असेल तर दुय्यम निबंधकासमोर जावंच लागतं. "नगं" म्हणणाऱ्या बाईचा अंगठा कुणी घेतला तर पुढची वीस वर्षं तुम्ही आमच्यासारख्यांची घरं चालवाल.

आता एक विचारते, रागावू नका. जमीन त्यांना नवऱ्याकडून आली आहे ना? मूलबाळ नाही? मग मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १५ लागतं. अशी जमीन नवऱ्याच्या वारसांकडं जाते. नवऱ्याचे हयात भाऊ आणि बहिणी एका पायरीवर येतात. आधीच वारलेल्या भावाची मुलं खालच्या पायरीवर. वरच्या पायरीवर कुणी असेल तर खालच्यांना काही नाही. कागद बघितल्याशिवाय शंभर टक्के बोलणार नाही. पण तुम्ही सांगितलंत त्यावरून, तुमच्या वडिलांच्या पश्चात तुम्हा बहीणभावांना त्यातलं काही मिळत नाही. आबांना मिळतं. आणि त्यांना बहीण असेल तर तिला, बरोबरीनं.

मग अंगठ्याची घाई कुणाला आहे?

---

दुसरी_मोट | १३ डिसेंबर

दोन दिवस लिहायचा धीर झाला नाही.

अंगठ्याची घाई माझ्या भावाला आहे. "घरातली एक व्यक्ती" असं मी मुद्दाम लिहिलं. तुम्ही सगळे आबांच्या पोराला समजाल हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर तसं समजलात तर बरं, असंही वाटलं. विहीर थोरल्या आईच्या जमिनीच्या गटात आहे. भावाला तासगावात कुणीतरी तुम्ही सांगितलंत तेच सांगितलं होतं, म्हणून त्याची घाई. आणि मी त्याला "थांब" म्हटलं होतं, "नको" म्हटलं नव्हतं. यात फरक आहे.

आणि हो, बहीण आहे. आमची आत्या, कवठेमहांकाळला दिलेली. २००५ ला मुलींच्या हक्काचा कायदा बदलला, त्यानंतर दादा आणि आबा दोघं मिळून तिच्याकडं हक्कसोडाचा कागद घेऊन गेले होते. ती म्हणाली, विचार करून सांगते. एवढंच म्हणाली. तेव्हापासून तिला ना भाऊबीज, ना माहेर. त्या एका बाबतीत दोन्ही भाऊ शेवटपर्यंत एकमतानं वागले. फक्त थोरली आई दर उन्हाळ्यात एसटीच्या कंडक्टरकडं शेवयांचा डबा द्यायची.

आत्याला या आजारपणाचं कुणीच कळवलं नव्हतं. दोन महिने झाले. मीही नाही. काल फोन केला.

---

शेवगा | १३ डिसेंबर

म्हणजे इतके दिवस आम्ही चुकीच्या माणसाला शिव्या देत होतो! आधी खरं लिहायला काय झालं होतं? असे धागे वाचून लोक मनापासून वेळ घालवतात.

नांद्रे_स्टेशन | १३ डिसेंबर

शेवगा, मनातल्या मनात शिव्या दिल्यात ना, मनातल्या मनात परत घ्या. त्यांनी लिहिलं तरी.

खडूस_आजोबा | १४ डिसेंबर

+१. आत्या काय म्हणाली?

---

दुसरी_मोट | २६ जानेवारी २०२५

आत्या आली. फोनवर काही बोलली नव्हती, "बरं" म्हणून ठेवला होता. दुसऱ्या आठवड्यात रिक्षातून उतरली. कुठल्या दारातून आत जायचं हेच तिला कळेना, तिच्या वेळी भिंत नव्हती. शेवटी परड्यातून वळसा घालून गेली.

थोरल्या आईनं तिच्याकडं बघितलं आणि स्वच्छ, खणखणीत म्हणाली, "सटवे!"

तीन महिन्यांत "नगं" सोडून पहिला शब्द. आत्या हसायला लागली, मग रडायला लागली, थोरली आई तर रडतच होती. तुमच्या सूचनेप्रमाणं मी दोघींच्या हातात लसूण सोलायला दिला. त्याच संध्याकाळी आबांना "मुडद्या" मिळालं. आबा एवढे खूश मी त्यांच्या पोराच्या लग्नातही बघितले नव्हते. गल्लीभर सांगून आले. फिजिओताई, हे सुधारणेचं लक्षण आहे का?

दुसरी गंमत. इथं येणाऱ्या फिजिओनं तिला आकडे म्हणायला लावले. "एक" म्हणेचना. मग आबांनी धान्याची पायली आणली आणि ज्वारी मापायला लागले. तिनं सुरू केलं, "लाभ, दोन, तीन…" थेट अकरापर्यंत. फिजिओ पोरगा शहरातला, त्याला वाटलं चुकली. आम्ही सांगितलं, मापताना पहिल्याला एक म्हणत नाहीत.

---

फिजिओ_मिरज | २६ जानेवारी

शिव्या, आकडे, वारांची नावं, पाठ असलेली गाणी ही मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात. ठरवून बोलणं आणि तोंडवळणी पडलेलं बोलणं यांत फरक असतो. त्यामुळं उद्या त्या पाणी मागतीलच असं नाही. पण ही वाट उघडी आहे हे चांगलं. ज्वारी रोज मापा. शिव्या मिळतील तेवढ्या खा.

कोरेगावकर | २७ जानेवारी

खर्चाची वही ठेवली का?

दुसरी_मोट | २७ जानेवारी

ठेवली. आत्यानं सगळ्यात आधी सही केली. कागदाला घाबरत नाही ती, म्हणाली.

---

दुसरी_मोट | ३० मार्च २०२५

आज पाडवा. वहीप्रमाणं नव्हे, जुन्या रिवाजाप्रमाणं आज तिनं आमच्याकडं यायचं. सकाळी काकू आणि आई दोघी ताट वाढून तिच्या खोलीत आल्या, आपापल्या दारातून. दोघींनी एकमेकींची ताटं बघितली. काकूच्या ताटात पुरणपोळी होती, आमच्या आईच्या ताटातही. आईनं आपलं ताट आत्याला दिलं.

भिंत अजून आहे. मधली दीड फूट मात्र आबांनी मागच्या महिन्यात फोडली. चाकाची खुर्ची परड्याच्या दारातून निघत नव्हती, सोप्यातून न्यायची तर वाट भिंतीतूनच. फोडताना त्यांनी स्वच्छ सांगितलं, खुर्चीपुरतीच फोडतोय. विटा रचून ठेवल्यात कोपऱ्यात.

अंगठा घेतलेला नाही. भाऊ अजून माझ्याशी तुटक बोलतो, पण रविवारची रात्र चुकवत नाही. बेदाण्याचा हंगाम आहे, आबांचे दोघं पोरं शेडवर, त्यामुळं वहीत सध्या बायकाच जास्त दिसतात. आजोबा, तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकते.

तिच्या डाव्या टाचेला लाल डाग दिसतोय, दाबला की पांढरा होतो. उजवीला काही नाही. डावी तर चांगली बाजू ना?

फिजिओ_मिरज | ३० मार्च

चांगल्या पायानं त्या अंग वर ढकलत असतील, टाच घासते. पोटरीखाली उशी द्या, टाच हवेत राहिली पाहिजे. उद्या परत बघा.

नांद्रे_स्टेशन | ३० मार्च

आमच्याकडं वडिलांची कमोडची खुर्ची पडून आहे, घडीची, चांगली आहे. कुणी येणार असेल तर घेऊन जा. पैसे नकोत.

दुसरी_मोट | ३१ मार्च, रात्री १:५२

आबांची जीप बुधवारी बेदाणा घेऊन सांगलीला जाणार आहे, येताना नांद्र्यावरून वळवायला सांगते. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. उशी लावली. दोन वाजत आले, कूस बदलायची आहे.